एकोणीस नंबरची नजर

ओलेटा मिम्सच्या पर्समध्ये चाकू निघाला आणि तिच्या मागच्या माणसाच्या खिशात पितळेची नळी.

सोमवारची सकाळ, साडेआठ. कोर्टाच्या दारातलं यंत्र लागोपाठ दोनदा केकाटलं. दारावरच्या शिपायानं दोघांना बाजूला उभं केलं.

“बाई, हे काय?”

“भुईमुगाच्या शेंगा सोलायचा चाकू,” ओलेटा म्हणाली. “मी शेंगा तपासते, सरकारी केंद्रावर. दाणा मधोमध कापून आत बुरशी आहे का ते बघावं लागतं. हंगाम ऐन भरात आलाय आणि तुम्ही मला चिठ्ठी पाठवून इथे बोलावलंय.”

“मी नाही पाठवली. नावं आपोआप निघतात. आणि साहेब, तुमचं हे?”

“ट्रंपेटला लावून फुंकतात ते.”

“इथे फुंकायचं नाही.”

“नाही फुंकणार. खिशात असलं की जरा धीर येतो.” मग तो ओलेटाकडे वळला. “तुम्हाला चाकूनं येत असेल.”

“मला धीर लागत नाही,” ती म्हणाली. दहा पावलं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं… आपण हसतोय.

माणसाचं नाव एमरी टॉलिव्हर. हायस्कुलातला बँडमास्तर. दोन वर्षांपूर्वी अटलांटाहून आलेला, लग्न न झालेला, बोटं स्वस्थ न ठेवणारा. बाकाची कड असो, गुडघा असो, टोपी असो, त्याची बोटं त्यावर काहीतरी वाजवत असायची. ज्युरीच्या, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या पंचांच्या, खोलीत तो ओलेटाशेजारी येऊन बसला, आणि जागा इतरत्रही होती हे तिनं नोंदून ठेवलं. नोंदून ठेवणं हा तिचा धंदाच. एका ट्रॉलीतल्या शेंगांत पोचट किती, खवट किती, फुटक्या किती, हे दिवसभर मोजणाऱ्या बाईला घरी आल्यावरही मोजदाद थांबवता येत नाही.

दिवसभर कुणी बोलावलं नाही. माणसं जांभया देत होती.

“एवढ्या लोकांना कशाला बोलावतात?” एमरीनं विचारलं. “बाराच तर हवेत. दारात पहिले बारा आले, त्यांनाच बसवावं.”

“मास्तर, तुम्हाला शेंगांतलं काही कळत नाही.”

“शेंगांतलं कुठे विचारलं मी?”

“तेच सांगतेय. शेतकरी ट्रॉली घेऊन येतो. वरवर बघितलं तर सगळा माल टपोरा. वरचा थर त्यानंच लावलेला असतो ना! म्हणून आम्ही लांब नळी तळापर्यंत खुपसतो, पाच वेगवेगळ्या जागी. कोपऱ्यात, मधे, कडेला. तेव्हा कळतं गाडीत काय आहे ते. वरच्यावर मूठ भरली तर आपणच आपल्याला फसवतो.”

“म्हणजे आपण नळीतून निघालेल्या शेंगा.”

“हो.”

“मी टपोरा की पोचट?”

“अजून कापून बघितलं नाही,” ओलेटा म्हणाली.

एमरीची बोटं थांबली. सकाळपासून पहिल्यांदा. मग तो हळूच म्हणाला, “उद्या मधल्या सुट्टीत… बाहेर उकडलेल्या शेंगांची गाडी लागते म्हणे. तपासायला याल?”

“बघू,” ती म्हणाली. घरी जाऊन तिनं निळा ब्लाउज इस्त्री केला. मग स्वतःवरच चिडून कपाटात ठेवला. मग सकाळी तोच घातला.

मंगळवारी तीस जणांना कोर्टात नेलं. नंबर मिळाले: ओलेटा एकोणीस, एमरी अठ्ठावीस. पहिले वीस जण लाकडी बाकांवर, आणि बाक भरले म्हणून उरलेले दहा जण समोरच्या भिंतीला लागून असलेल्या ज्युरीच्या कठड्यात, पाचापाचांच्या दोन ओळींत. मधोमध सरकारी वकील गॅरेट यांचं टेबल.

एमरी मागच्या ओळीत बसला. त्याच्या बरोबर पुढे तेवीस नंबर.

तेवीस नंबर म्हणजे लोरीन पिकेट. दातांच्या दवाखान्यात दात साफ करणारी, केस सोनेरी, दात असे की हसणं हा जणू नोकरीचाच भाग. बसल्या बसल्या ती मागे वळली आणि एमरीला काहीतरी म्हणाली. एमरीनं उत्तर दिलं. ती हसली.

एक, ओलेटानं मनात मोजलं.

खटला लेव्हॉन कोब या बावीस वर्षांच्या पोराचा. शेजारच्या शेतावरून संध्याकाळी ट्रॅक्टर पळवल्याचा आरोप. सिद्ध झाला तर दहा वर्षं. तो आपल्या वकीलबाईंशेजारी बसला होता. कोट भावाचा असावा. बाह्या मनगटाच्या वर संपत होत्या.

वकिलांनी प्रश्न सुरू केले. कुणाच्या घरी चोरी झालीय? कुणाचं कुणी पोलिसात आहे? आरोपीला कोण ओळखतं? हात वर होत होते, खाली होत होते. ओलेटानं आपल्या वाट्याची उत्तरं दिली, पण डोळे मात्र समोर. दोन. तीन. आता ती कठड्यावर कोपर टेकून बसलीय. एवढं काय सांगतोय तो? चार. स्वतःच्या तोंडासमोर बोटं धरून त्यानं काहीतरी करून दाखवलं. पाच, आणि हे हसू लांबलचक. खरं तर दोन धरायला हवेत.

मधल्या सुट्टीत शिपाई त्यांना व्हरांड्यात घेऊन गेला. ओलेटा खांबाशी उभी राहिली. एमरी उकडलेल्या शेंगांची वाफाळती पुडी घेऊन तिच्याकडेच यायला निघाला… आणि वाटेत लोरीननं त्या पुडीत हात घातला.

“मास्तर, एकटे एकटे?”

“घ्या ना,” एमरी म्हणाला. भला माणूस, दुसरं काय म्हणणार? पण ओलेटाला त्या क्षणी भली माणसं मुळीच आवडेनाशी झाली. तो पोचेपर्यंत ती आत जाऊन बसली होती. दारातून त्यानं पुडी उंच करून दाखवली. तिनं छताकडे बघितलं.

अकरापर्यंत मोजणी गेली तेव्हा प्रश्न संपले, आणि आमच्याकडे चालतो तो मूक खेळ सुरू झाला. तीस नावांचा एक कागद. आधी सरकारी वकील त्यावरचं एक नाव खोडणार, मग शिपाई तो कागद बचावाच्या टेबलावर नेणार, तिथे एक रेघ, पुन्हा इकडे. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ रेघा. कारण सांगायचं नाही, तोंड उघडायचं नाही. शेवटी उरतात ते बारा पंच. तीस माणसं श्वास धरून पेन्सिलींकडे बघतात, आणि ओलेटा मनात एकच जप करत होती: तेवीस खोडा. कुणीतरी तेवीस खोडा.

नावं वाचली. तेवीस नंबर आत. अठ्ठावीस नंबर आत. एकोणीस नाही.

म्हणजे आता ती दोघं रोज एका खोलीत, एका टेबलाशी, एकत्र जेवणार. आणि आपण परत शेंगांत! ओलेटानं पर्स उचलली.

तेवढ्यात बचावाच्या वकीलबाई, मिसेस डग्गन, उभ्या राहिल्या.

“साहेब, माझा आक्षेप आहे. तीस जणांत काळी माणसं सात. सरकारी बाजूच्या नऊ रेघांपैकी सहा त्यांच्याच नावांवर. उरला एक. या गावात निम्मी वस्ती काळी आहे.”

ओलेटानं कठड्यातल्या बारा जणांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. एमरी सोडला तर सगळे चेहरे गोरे, सगळे गावातल्या बाजारपेठेतले. वरच्यावर भरलेली मूठ. आणि लेव्हॉन कोब त्या बारा चेहऱ्यांकडे बघत होता. पाहुणा चुकीच्या लग्नात शिरल्यावर बघतो तसा.

न्यायाधीश पीबडी म्हातारे होते आणि हळू बोलायचे. त्यांनी सगळ्या तीस जणांना बाहेर थांबायला सांगितलं आणि गॅरेटना सहा रेघांची सहा कारणं मागितली. रंगावरून कुणाला खोडायला कायद्यात बंदी, म्हणून रंग सोडून. चार कारणं खरी निघाली: कुणाचा भाचा तुरुंगात, कुणाचं ऑपरेशन. पाचवे म्हातारे शेतकरी पर्सी काका. ते झोपतात, असं गॅरेट म्हणाले. पण झोपणारा गोरा माणूसही एक होता आणि तो आत होता, म्हणून ते कारण पडलं. राहिली ओलेटा.

जेवणानंतर तिला एकटीला आत बोलावलं.

“शपथ लक्षात आहे ना, मिस मिम्स?” पीबडीसाहेबांनी विचारलं.

“आहे, साहेब.”

“मिस्टर गॅरेट म्हणतात, सकाळभर तुम्ही त्यांच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होतात. म्हणून त्यांनी तुमचं नाव खोडलं. सरकारवर, पोलिसांवर तुमचा काही राग आहे का?”

ओलेटाचे कान तापले. नुसतं ‘नाही’ म्हणावं तर गॅरेट म्हणणार, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्यांनी पाहिलं होतंच. राग होता. तो कुणाचा, हे सांगितल्याशिवाय त्यांच्याच नावावर राहणार. आणि सांगावं तर… हे गाव एवढंसं. संध्याकाळपर्यंत चर्चच्या पायरीपर्यंत गोष्ट गेलेली असणार. घरी जायचं? तेवढं सोपं. ‘हो साहेब, थोडा राग आहे’ म्हटलं की सुटका.

लेव्हॉन कोब तिच्याकडे बघत नव्हता. आपल्या आखूड बाह्या खाली ओढत होता.

“मी बघत होते, ते खरं,” ओलेटा म्हणाली. “पण यांच्याकडे नाही.”

“मग?”

“यांच्या पलीकडे. सरळ रेषेत. तेवीस नंबरकडे.”

“त्यांनी काय केलं?”

“हसल्या, साहेब.”

“हसल्या?”

“अकरा वेळा. अठ्ठावीस नंबरशी.”

मिसेस डग्गन न पडलेली पेन्सिल उचलायला टेबलाखाली वाकल्या. पीबडीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आणि अठ्ठावीस नंबर तुमचे कोण?”

“कुणी नाहीत, साहेब. कालच ओळख झाली. म्हणून तर…”

“म्हणून तर काय?”

“कुणी असते तर सरळ जाऊन बोलले असते. कुणी नाहीत, म्हणून नुसतं बघत बसावं लागलं.”

मग साहेब म्हणाले, “तेवीस नंबरबरोबर एका टेबलाशी बसून निकाल देऊ शकाल?”

“खटला लेव्हॉन कोबचा आहे, साहेब. तिचा असता तर मीच म्हटलं असतं, मला घेऊ नका.”

“मिस्टर गॅरेट, अजून काही विचारायचंय?”

“नाही, साहेब,” गॅरेट म्हणाले. त्यांचेही कान लाल झाले होते.

ओलेटा आणि पर्सी काका, दोघांची नावं परत लागली. ती बाहेर आली तशी शिपायानं एमरीला आत नेलं आणि दार लावलं. सात मिनिटं. मोजली तिनं. दार उघडलं तेव्हा एमरीच्या हातात टोपी होती. तो तिच्यासमोर थांबला, त्याचे ओठ हलले…

“बोलायचं नाही!” शिपाई मधे आला. “साहेबांचा हुकूम आहे. निकाल लागेपर्यंत तुम्ही दोघांनी एक शब्द बोलायचा नाही. चला मास्तर, तुम्हाला सोडलंय. सुटलात.”

आणि तो गेला. बारा अधिक दोन, वजा एक. एक जास्तीचा उरला म्हणून यादीतला शेवटचा नंबर घरी. ज्युरीचा हिशेब जुळला. ओलेटाचा जुळेना. माणसानं नुसतं ऐकलं, एक बाई आपल्यावरून जळते, आणि ज्युरीतूनच पाय काढला!

पुढचे तीन दिवस ती कठड्यात बसली. एमरी रोज शाळा सुटल्यावर यायचा आणि प्रेक्षकांतल्या शेवटच्या बाकावर बसायचा. येतो कशाला? बुधवारी त्याच्या शेजारी हातपंखावाली एक, गुरुवारी निळ्या टोपीवाली दुसरी. ओलेटाला हे सगळं पहिल्या नजरेत दिसलं. दुसरी नजर तिनं टाकली नाही. साक्षीदार बोलत होता. ती साक्षीदाराकडेच बघत राहिली. आयुष्यात एवढं अवघड काम तिनं केलं नव्हतं.

त्यातल्या त्यात बरं एवढंच, की तेवीस नंबर तिच्याबरोबर कोंडलेली होती.

“अकरा?” गुरुवारी जेवताना लोरीन तिच्या कानाशी म्हणाली. गोष्ट पोचली होतीच. “चौदा तरी असतील. मोजायला चुकलीस.”

ओलेटानं सँडविच खाली ठेवलं.

“आणि काय बोलत होता, ते विचार की,” लोरीन म्हणाली.

“मला नाही विचारायचं.”

“दातांना तारा लावलेल्या पोरांनी ट्रंपेट कसा फुंकायचा! सकाळभर! ओठ कापतात, मेण लावू का, किती लावू… मी हसत होते ते या आशेनं, की आता तरी दुसरा विषय काढेल.” तिनं उसासा टाकला. “माणूस बरा आहे. मी प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू?”

ओलेटाला तिचा राग यायला हवा होता. आला तो थोडासाच. खरं बोलणाऱ्या बाईवर रागावणं जड जातं.

शुक्रवारी चार वाजता बारा जण टेबलाशी बसले. सगळा खटला एका माणसाच्या साक्षीवर उभा: आपल्या शेताच्या बांधावरून, साठ पावलांवर, सूर्य बुडताना, शेजारच्या शेतात लेव्हॉनला त्यानं ट्रॅक्टरवर ओळखलं. पहिल्या मतदानात नऊ हात दोषी म्हणून वर झाले.

“त्या दिवशी त्याच शेतात शेंगा काढायचं यंत्र चालू होतं,” ओलेटा म्हणाली. “साक्षीदार स्वतःच बोलला. तुमच्यापैकी कोण उभं राहिलंय त्या धुळीत?”

पर्सी काका सोडले तर कुणी नव्हतं. बँकेतले, दुकानातले, शाळेतले.

“साठ पावलं?” पर्सी काका म्हणाले. “पोरी, त्या धुळीत माझी बायको दहा पावलांवरून मला हाका मारायची, आणि मी म्हणायचो, कोण गं तू?”

“तीन महिने माझ्या रुमालाचा रंग धुवूनही परत येत नाही,” ओलेटा म्हणाली. “त्यात सूर्य डोळ्यांवर. चेहरा सोडा, टोपी दिसत नाही.”

आधी लोरीनचा हात खाली आला. मग एकेक करत बाकीचे. तीन तास लागले. लेव्हॉन कोबची आई ‘निर्दोष’ हा निकाल ऐकून खाली बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

ओलेटा बाहेर आली तेव्हा पायऱ्यांवर एमरी उभा होता. बोटं टोपीच्या कडेवर भराभर वाजत होती.

“आता बोलायला परवानगी आहे, मिस मिम्स.”

“पळून गेलेल्या माणसाशी काय बोलायचं?”

“पळून? रोज शेवटच्या बाकावर कोण बसलं होतं मग?”

“बसला होतात. शेजारी रोज नवी. बुधवारी पंखावाली, गुरुवारी निळी टोपी, आज—”

“आज माझी आई होती.”

“तिनं तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं.”

“झोपली होती ती! गॅरेट बोलायला लागले की कुणीही झोपेल. आणि तुम्ही साक्षीदाराकडे बघत होतात म्हणे.”

“डोळ्याच्या कडेनं दिसतं,” ती म्हणाली आणि उतरायला लागली.

“थांबा. हे वाचा. मग जा.”

घडी घातलेलं एक पान. टाइप केलेलं, कोर्टाच्या नोंदीतलं. मंगळवारचं.

*न्यायाधीश: एकोणीस नंबरशी तुमचा काही संबंध आहे?*

*टॉलिव्हर: अजून नाही, साहेब.*

*न्यायाधीश: अजून म्हणजे?*

*टॉलिव्हर: काल त्यांना शेंगा खायला बोलावलं होतं. आज पुडी नेली तर त्या छताकडे बघत होत्या.*

*न्यायाधीश: त्या पंच म्हणून तुमच्याबरोबर बसल्या, तर तुम्ही स्वतःच्या बुद्धीनं मत द्याल का?*

*टॉलिव्हर: शपथ घेतलीय म्हणून सांगतो, नाही. त्या ‘दोषी’ म्हणाल्या तर मला दोषी वाटेल, ‘निर्दोष’ म्हणाल्या तर निर्दोष. त्या पोराला बारा मतं हवीत, अकरा आणि एक सावली नको. मला काढा, साहेब. त्यांना ठेवा. त्यांची नजर चांगली आहे. माझी सोमवारपासून ठिकाणावर नाही.*

ओलेटानं पान दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं जरा ओली दिसायला लागली, तेव्हा तिनं ते खाली धरलं.

“एमरी,” ती म्हणाली. पहिल्यांदाच.

“हं?”

“हे पान तुला कुणी दिलं?”

“कोर्टात टाइप करतात, त्या बाईंनी.”

“असं कसं दिलं? काय गोड बोललास तिच्याशी?”

“गोड? अगं, तीन दिवस हातापाया पडलो. मिसेस ॲबरनाथी. वय अडुसष्ट.”

“लग्न झालेली?”

“बेचाळीस वर्षांपूर्वी.”

ओलेटानं जरा विचार केला. मग त्याच्या टोपीवर नाचणारी बोटं तिनं आपल्या हातात घट्ट धरली. बोटं थांबली.

“मग चालेल,” ती म्हणाली.